दावणीला एक बिनलशीची

किटली परत आली ती साबणानं धुतलेली. तिसऱ्या मजल्यावरच्या मास्तरीणबाई जिन्यात माझ्यापेक्षा दोन पायऱ्या वर उभ्या होत्या आणि हात लांब करून किटली माझ्याकडं सरकवत होत्या, शिवाशिव टाळून देतात तशी. "काकू, उद्यापासून दूध नको. राग मानू नका." मी विचारलं, "का वो, पातळ लागलं का नासलं?" तर म्हणाल्या, "नाही नाही, दूध चांगलंच असतं तुमचं. पण तुमच्या गाईंना ते गाठींचं आलंय म्हणे ना. घरात लेकरं आहेत." मी तोंड उघडायच्या आत त्या वर गेल्या. दार लागलं, मग कडी लागली. दिवसाढवळ्या कडी. झाकण काढून मी नाक आत घातलं तर गुलाबाचा वास. आमच्याकडं दुधाचं भांडं राखेनं घासून उन्हात पालथं घालतात, त्याला नुसता उन्हाचा वास येतो. मी झाकण दाबून बसवलं. माझ्या गोठ्यात रोग आला होता आणि तो मला जिन्यात कळत होता, तोही परक्या बाईच्या तोंडून, जिच्या पोरांची हाडं माझ्या दुधावर धरली तिच्या तोंडून. मी जिन्याचा कठडा धरला. गार होता. लोखंडाचा गारवा तळहातातून कोपरापर्यंत आला तेव्हा कुठं पाय हलले.

हनुमंत आरशापुढं भांग पाडत होता. हा माझा एकुलता एक. लातुरात कचेरीत आहे, फ्लॅट त्याचाच. नात साक्षी शिकवण्यांना जायला लागल्यापासून मी अर्धी इथं असते आणि अर्धी औसा रोडवरच्या आमच्या मळ्यात, जिथं गोठा आहे, जनावरं आहेत आणि आमच्या घरचे आहेत. घरचे म्हणजे हनुमंताचे वडील. नवऱ्याचं नाव मी उखाण्याशिवाय घेत नाही, इथंही घेणार नाही. "हन्म्या," मी म्हटलं, "गोठ्यात काय झालंय?" कंगवा थांबला. आरशातल्या आरशात त्यानं माझ्याकडं बघितलं आणि तेवढ्यानं मला कळलं की ह्याला ठाऊक आहे. "कालच फोन आला माय, त्या जनावरांच्या डॉक्टरीनबाईचा. पुतळीच्या रक्तात लम्पीची खूण निघाली. तुला बीपी हाय म्हणून…" मी म्हटलं, "बीपी माझा हाय तर कालवड बी माझीच हाय. वरच्या मजल्याला कळतं अन् मला कळत न्हाई, व्हय रे?" तो म्हणाला, "वरच्यांना व्यंकटरावाच्या दूधवाल्यानं सांगितलं असंल." व्यंकटराव म्हणजे मळ्याकडं आमच्याच डेअरीवर दूध घालणारा. मी लुगड्याचा पदर खोचला. तो म्हणाला, "जेवून जा." मी म्हटलं, "तू जेव. तुला लाजबीज न्हाई, तुला पचंल."

एसटीत खिडकीजवळ जागा मिळाली. लातूर मागं सरत होतं, कोचिंगच्या पाट्या, त्यावरची गुणवान पोरांची तोंडं, मग गोदामं, मग सोयाबीन. माझ्या डोळ्यांपुढं सोयाबीन नव्हतं, चंद्री होती. लम्पीच्या पहिल्या वर्षी ती गेली. देवणी गाय, पांढरीशुभ्र, कानशिलावर काळं, जसं कुणी काजळाचं बोट पुसलंय. आधी फक्त दूध कमी झालं. मग एका सकाळी मानेवर हात फिरवला तर कातडीखाली हरभऱ्याएवढं काहीतरी. दुसऱ्या दिवशी पाठीवर, कासेवर, गळ्याखाली लोंबत्या पोळीच्या कडेवर. आम्ही हळद लावली, कडुनिंबाच्या पाण्यानं धुतली. आसपास कुठं रोग आलाय, किती आलाय, कुणालाच पत्ता नव्हता. जो तो आपल्या गोठ्याचं दार लावून बसला होता आणि माश्या मात्र सगळ्या गोठ्यांतून बिनदिक्कत फिरत होत्या. गाठी फुटल्या. मी माश्या वारत बसले, पदरानं, वर्तमानपत्रानं, हातानं. जेसीबीनं खड्डा केला तेव्हा तिचा एक डोळा उघडा होता आणि त्यावर माशी बसली होती. ती माशी मी उडवली. खड्ड्यात उतरून उडवली. लोक म्हणाले, म्हातारीला लागीर झालं. मला लागीर नव्हतं झालं, मला राग आला होता. मेल्यावर तरी बसू नये तिनं. अजून तो राग माझ्या बोटांत आहे. एसटीच्या काचेवर एक माशी चालत होती, मी हात उचलला आणि बाजूची बाई दचकली.

त्यानंतरच ज्ञानेश्वरी आली. किनवटकडची पोर. तिकडच्या जंगलातल्या गावातून आश्रमशाळेच्या वसतिगृहात, तिथून जनावरांची डॉक्टर. नांदेड आणि लातूरच्या गोठ्यांतून ती आणि तिची माणसं फिरतात. चिलटं, डास, चावऱ्या माश्या पकडायच्या, जनावरांचं रक्त घ्यायचं आणि कोणता रोग कुठून येऊन राहिला ते आधीच हेरायचं. पहिल्या दिवशी मी तिला म्हटलं, "डास पकडायला कालिजात शिकवतात व्हय?" ती म्हणाली, "आजी, आमच्या वसतिगृहात डासांनीच आमाला पकडून ठेवलं होतं. आता माझी पाळी." मला पोर आवडली. तिनं गोठ्याच्या आढ्याला एक सापळा टांगला, वर बारीक दिवा, खाली पंखा, पंख्याखाली जाळीची पिशवी. आणि मग म्हणाली, "एक कालवड लागंल. बिनलशीची." मी विचारलं, असं का. "लस घेतलेल्या जनावरात रोग लपतो. अन् सगळ्यांची जनावरं कुठं लस घेतात? घेतली तरी जोर उतरतो. एक कालवड उघडी ठेवायची. चिलटावर बसून रोग आला की तिच्या रक्तात आधी दिसंल, अन् आजूबाजूच्या गोठ्यांना जागं करायला वेळ मिळंल." तिनं सगळी वस्ती फिरून माझा गोठा निवडला होता. हे मी डेअरीवर सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. पुतळी दिली. तिच्या गळ्यात लाल फीत बांधली, लसवाल्यांना कळावं म्हणून.

दिली खरी. पण कधी कधी दावणीवरून हात फिरवत जाताना त्या लाल फितीपाशी हात थांबायचा. ती मान वर करून माझा पदर चघळायची. तिला काय ठाऊक, आपण कशासाठी उभ्या आहोत? मला मात्र ठाऊक होतं. माझं माहेर कंधारकडचं. ज्वारी हुरड्यात आली की बापानं मला शाळेतून काढून माळ्यावर उभं केलं. चार मेढी, वर फळ्या, हातात गोफण. पाखरांची राखण. मी दुसरीत होते. मास्तर बोलवायला आले तर बाप म्हणाला, "मास्तर, पाखरं तुमी राखता का?" मास्तर हसले आणि हुरडा खाऊन गेले. थोरला भाऊ शाळेत जायचा तो रस्ता माळ्यावरून दिसायचा. ऊन डोक्यातून आत उतरायचं, डोळ्यांपुढं पिवळं पिवळं व्हायचं, घसा ओरडून ओरडून सोलायचा. पाखरांचा थवा कुठून उठतो, कसा वळतो, उतरायच्या आधी कसा एकदम गप्प होतो, ते मला असं पाठ झालं की डोळे मिटून सांगावं. मी उन्हात उभी राहिले म्हणून घरात दाणा आला, हे खरं. आणि मला अजून जोडाक्षर अडतं, हेही खरं. ह्यातलं एक पुसून दुसरं लिहिता येत नाही. बापाचा मला राग आहे का? आहे. त्याच्या जागी असते तर मी काय केलं असतं? कुणाला तरी माळ्यावर चढवलंच असतं. फाट्यावर एसटी थांबली आणि हा विचार तसाच सीटवर ठेवून मी उतरले.

मळ्यात गेले तर ज्ञानेश्वरी पुतळीच्या मानेवर वाकलेली, हातात मोजे. आमच्या घरचे गव्हाणीच्या कडेला बसून दोरी वळत होते. दोरी वळायची काही गरज नव्हती, खुंटीवर नवी दावी पडली होती. ज्ञानेश्वरी म्हणाली, "आजी, ताप न्हाई, चारा खाऊन राहिली, पाय सुजले न्हाईत. अंगावर बाकी कुठं काही न्हाई. इथं मानेवर फक्त एक गाठ हाय, ती बी जिरत आलेली. अशी लम्पी मी बघितली न्हाई." मी हात लावला. मानेच्या मधोमध, बरोबर सुई टोचतात तिथं, एक टणक दाणा. मी आमच्या घरच्यांकडं बघितलं. वर्षानुवर्षं ह्या माणसाच्या गप्प बसण्यात मी राहत आले आहे. त्यांचे गप्प बसायचे प्रकार मला वेगवेगळे ओळखू येतात, जसं एकेका गाईचं हंबरणं. रागाचं गप्प वेगळं, थकल्याचं वेगळं. हे तिसरंच होतं. दोरीचा पीळ चुकत होता.

"सांगा की," मी म्हटलं.

"काय सांगू?"

"दोरी ठिवा खाली अन् डॉक्टरीनबाईच्या तोंडाकडं बघून सांगा."

त्यांनी दोरी ठेवली. तोंडाकडं मात्र बघितलं नाही, पुतळीकडं बघितलं. "लसवाले आल्ते मागच्या महिन्यात. तू लातुरात व्हतीस. सगळी दावण उभी. ह्या टोकापून टोचत निघाले. हिच्यापाशी आले, फीत बघितली, अन् हिला सोडून म्होरं गेले. ती मान लांब करून बघून राहिली त्यांच्याकडं. एवढी मान लांब केली. मला काय ते बघवलं न्हाई. पंगत वाढीत निघाल्यावर मधलं एक पान कोरडं ठिवून म्होरं जायचं? म्या म्हनलं, हिला बी द्या."

आमच्याकडच्यांना हे समजावून सांगावं लागणार नाही. गावात सप्त्याची पंगत बसली की वाढायला आमच्या घरचे लागतात. पाटलाचं पान असो की भिकाऱ्याचं, ह्यांच्या हातची भाताची मूद सारखीच. एकदा आमदाराच्या माणसानं आधी मागितलं तर ह्यांनी ऐकलंच नाही, वाकलेले वाकलेलेच पुढच्या पानावर गेले. ह्याचं मला कौतुक होतं. ह्याच हातानं घात केला. त्यांना दावण दिसली नव्हती, पंगत दिसली होती. लस दिसली नव्हती, वाढप दिसलं होतं.

ज्ञानेश्वरी खाली मातीतच बसली. "आबा," ती म्हणाली, "रोग आला काय अन् लस दिली काय, ह्या तपासणीत रक्तात खूण एकच उठते. मी काल सगळीकडं सांगून बसले की औसा रोडला लम्पी शिरला." मग जरा वेळानं, "नुसत्या लशीची खूण असंल तर बरंच हाय. पण लस होती म्हणून रोग न्हाईच, असं बी म्हणता येत न्हाई. माश्या तपासाव्या लागतील, गाठीतलं घेऊन बघावं लागंल. तवर मला चारचौघांत खरं सांगावं लागंल. आजी, लोक सापळे काढायला निघालेत. व्यंकटराव म्हणून राहिला की ह्या पोरीनं दिवा लावून चिलटं बोलावली अन् रोग आणला. सकाळी दोन गोठ्यांत मला पाय ठिवू दिला न्हाई. इथली सगळी पाहणीच बंद पडंल."

हनुमंताचा फोन आला तो तेवढ्यात. त्याला सगळं सांगितलं. तो हळू आवाजात बोलायला लागला, कचेरीत असला की तो असाच बोलतो. "माय, तू गप राहा. रोग आला म्हटलं तर कुणाचा दोष न्हाई, देवाची करणी. सुई टोचली म्हटलं तर आपला दोष. बाबांना लोक जन्मभर हसतील. तुलाबी. चार आठवडे जनावरांचा बाजार बंद राहील, मग उघडंल. लोक विसरतील." मुलगा मूर्ख नाही. बोलला ते बरोबरच बोलला. फोन कानाला तसाच धरून मी दावणीकडं बघत राहिले. मला माझं नाव प्रिय आहे, खोटं कशाला बोलू. सून म्हणून आले तेव्हा ह्या घराला कुणी विचारत नव्हतं. आज डेअरीवर कावेरीबाईचं दूध म्हटलं की मोजणारा भांड्यात हात घालून बघत नाही. हे मी केलंय. माझ्या जिभेनं आणि माझ्या मनगटानं. ते सगळं एका सुईपायी पाण्यात घालायचं? आणि नाही घातलं तर? तर ज्ञानेश्वरी आपली पिशवी उचलून जाईल. सापळे निघतील. पुढच्या पावसाळ्यात रोग खरंच येईल तेव्हा पुन्हा जो तो आपलं दार लावून बसेल, आणि माश्या बिनदिक्कत फिरतील. कुणाच्या तरी खड्ड्यात कुणीतरी बाई उतरेल. हनुमंत म्हणत होता, "माय? ऐकतीस ना?" मी म्हटलं, "ऐकलं. ठिव."

संध्याकाळचं दूध घालायला डेअरीवर सगळे जमतात. मी किटली न घेताच गेले. ज्ञानेश्वरी माझ्या मागं, आणि तिच्या मागं, मी बोलावलं नसताना, आमच्या घरचे. व्यंकटराव मोटारसायकलला टेकून उभा होता. त्याच्या गोठ्यात परदेशी गाई, पंखे, रबराच्या चटया. माणूस वाईट नाही, पण बोलल्याशिवाय अन्न पचत नाही त्याला. "या वैनी," तो म्हणाला, "तुमची कालवड राखणीला व्हती म्हणं. राखणदारच चोर घिऊन आला की घरात." लोक हसले. मी म्हटलं, "व्यंकटराव, तुमच्या गाई पंख्याखाली झोपतात, तरी तुमचं तोंड गरमच." जरा आणखी हसले. मग मी आवाज चढवला, माळ्यावरून चढवायची तसा. "ऐका समदे. माझ्या कालवडीला लस द्यायची नव्हती. ती दिली गेली. लशीची खूण रक्तात निघाली, तिलाच ही पोर रोग समजली. चूक ह्या पोरीची न्हाई, दिव्याची न्हाई, चिलटांची न्हाई. चूक माझ्या घरची."

कॅनांचा खडखडाट थांबला. व्यंकटराव सरळ उभा राहिला. "दिली कुणी?"

माझ्या ओठांवर ते नाव उखाण्याशिवाय कधी आलेलं नाही, आणि आता यायचं ते असं यायचं होतं का? उखाण्यात घ्यायचं नाव चोराच्या पंचनाम्यात घ्यायचं? मी म्हणणार होते, मीच दिली. शब्द जुळवलेही होते.

"म्या दिली," मागून आवाज आला. आमच्या घरचे पुढं आले, टोपी हातात घेऊन. चारचौघांत हा माणूस पंगतीत 'भात घ्या, वरण घ्या' ह्याउपर बोलल्याचं मी ऐकलं नव्हतं. "लसवाले हिला सोडून चालले व्हते. म्या म्हनलं, वाढा हिला बी."

क्षणभर कुणाला कळलंच नाही. मग कुणीतरी फुस्सकन हसलं आणि सगळी डेअरी हसायला लागली. "दगडोबा, सुई बी वाढली व्हय पंगतीत!" "आबा, आग्रह करून वाढली का?" "मठ्ठ्यासंगं दिली का जिलबीसंगं?" हसून हसून एकाच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या, मानेवरून घाम खाली उतरताना जाणवत होता. पळून जावं वाटत होतं, आणि पाय जमिनीत रोवून उभी होते. आमच्या घरचेही उभे होते. हसण्यात त्यांनी मान खाली घातली नाही, हे मी बघितलं. "हसा," मी म्हटलं, "हसून झालं की सांगा, म्हणजे म्होरचं बोलते." हसणं विरलं. "माश्या तपासायला गेल्यात. खरंच रोग निघाला तर मीच दारोदार येऊन सांगीन. न्हाई निघाला तर ह्या पोरीला सगळ्यांनी गोठ्यात येऊ द्यायचं. हसलात त्याची ही किंमत." व्यंकटराव म्हणाला, "अन् तवर?" मी म्हटलं, "तवर तुमी आपल्या गाईला हात लावून बघा रोज. पंखा बघत न्हाई गाठी."

मग वाट बघणं. ते दिवस मी मळ्यातच काढले. ते कसे गेले सांगता येणार नाही, कारण ते गेलेच नाहीत, ते माझ्या अंगावरच बसून होते. सुई तर होतीच, पण सुईमागं रोगही असला तर? ज्ञानेश्वरी म्हणालीच होती. दोन्ही खरं असू शकतं. पहाटे जाग यायची आणि पडल्या पडल्या मी माझाच हात चाचपायचे. डास चावल्याचे फुगवटे बोटाला लागायचे, एक, मग दुसरा, आणि काळजात धस्स व्हायचं, जशी मीच दावणीला आहे आणि कुणीतरी माझ्या मानेवरून हात फिरवतंय. उठून गोठ्यात जायचे. एकेकीची मान, पाठ, कास. तळहाताला कातडीची ऊब, त्याखाली रक्ताची धडधड. कुठं काही नाही. गोचिडीचा फोड सापडला तरी हात गार. आमच्या घरचे दुसऱ्या टोकाकडून तसेच चाचपत यायचे. मधोमध आमची गाठ पडायची. एकदा ते म्हणाले, "तुझं नाव घालवलं म्या." मी म्हटलं, "नाव माझं हाय, मी बघून घीन. तुमी कास नीट बघा तिची."

ज्ञानेश्वरीचा फोन आला तेव्हा मी शेण भरत होते. माश्या चोख निघाल्या. गाठीतही रोगाचं काही नव्हतं, आसपासच्या लहान वासरांच्या रक्तातही नव्हतं. वर कळवलेलं तिनं मागं घेतलं. मी घमेलं खाली ठेवलं आणि तिथंच खाली बसले, शेणाचा हात तसाच हवेत. आनंद झाला म्हणावं तर तसा नव्हता. अंगातून काहीतरी उतरून गेलं आणि त्या जागी पोकळ झालं. मग ती म्हणाली, "पण आजी, आता पुतळी कामाची न्हाई. दुसरी बिनलशीची लागंल. मी बाकीच्यांना विचारलं. गोठ्यात येऊ देतात आता, सापळा बी लावू देतात, पण कालवड कुणी देईना. कालवड न्हाई मिळाली तर इथलं काम दुसरीकडं न्यावं लागंल." मी विचारलं, "व्यंकटराव?" ती म्हणाली, "म्हणाला, माझ्या गाई लाखमोलाच्या हायत, उघड्यावर बांधायला कुणाच्या बापाच्या न्हाईत."

लाखमोलाच्या. मी वळून बघितलं. गोठ्याच्या टोकाला मैना होती. चंद्रीच्या लेकीची लेक. लशीचा कॅम्प आला तेव्हा वयानं लहान म्हणून लसवाल्यांनी स्वतःच सोडलेली. कानशिलावर तेच काजळ. चंद्रीचं आमच्याकडं आता एवढंच उरलं होतं, मैनेची आई हिला जन्म देऊन थोड्याच दिवसांत विंचू लागून गेली. मैनेला मी बाटलीनं दूध पाजलंय. ती माझ्या पावलाचा आवाज ओळखते. हिला नाही, मी मनात म्हटलं. कुणालाही, हिला नाही. आणि म्हणता म्हणताच कळलं, की प्रत्येक गोठ्यात प्रत्येकानं हेच म्हटलं असणार, ह्याच शब्दांत. बापानंही म्हटलं असेल का एखाद्या रात्री, कावेरीला नाही? म्हटलं असेल किंवा नसेल. त्यानं मला चढवताना विचारलं नाही, आणि चढवल्यावर एकदाही माळ्याखाली येऊन उभा राहिला नाही. मला ऊन लागलं त्याचं एवढं नाही, हे लागलं. मग मला काय करायचं ते दिसलं. मी म्हटलं, "पोरी, मैनेचं रक्त घिऊन बघ. आईच्या दुधातली काय खूण उरली असंल तर तीबी बघ. चोख निघाली तर बांध फीत."

मैना चोख निघाली. ज्ञानेश्वरीनं तिला फीत बांधली, सापळ्याची पिशवी बदलली, दिवा लावला आणि गेली. दिवस बुडत होता. सोयाबीनवरून चिलटं उठायची हीच वेळ. रोज ह्या वेळेला आमच्या घरचे गोवऱ्या आणि कडुनिंबाचा पाला घेऊन धुरी करतात, म्हणजे चिलटं दावणीजवळ येत नाहीत. सवयीनं ते उठले. घमेल्यात गोवरी ठेवली, पाला टाकला, काडी पेटवली.

"आज न्हाई," मी म्हटलं. "सापळ्याच्या दिवशी धूर करायचा न्हाई. पोर सांगून गेली."

काडी त्यांच्या बोटांत जळत राहिली. दिव्याभोवती पहिली चिलटं आली होती, मग मैनेच्या कानापाशी, पोटाखाली. तिनं शेपूट मारली. मी पोतं ओढून तिच्या पायाशी बसले. माझ्या मानेवर काहीतरी टोचलं. हात वर आला होता, तो मी पुन्हा मांडीवर ठेवला.

"बस की आत जाऊन," ते म्हणाले. "खातील तुला."

"खाऊ द्या. तुमी बी बसा."

काडी विझली. ते माझ्या शेजारी बसले, गुडघे कुरकुरले. बराच वेळ दोघंही मैनेच्या कातडीची थरथर बघत होतो.

"अन् हिला झाला तर?" त्यांनी विचारलं.

"तर समद्यांच्या आधी कळंल," मी म्हटलं, आणि धुरीचं घमेलं मातीत पालथं केलं.